घेऱ्यातलं बेट आणि बघणारे डोळे

युद्धात तुम्ही काय केलंत असं कुणी विचारलं, की मी सांगतो, फोटो धुतले. पेणच्या नाक्यावर हे उत्तर फारसं कुणाला आवडत नाही. एकाहत्तरच्या लढाईत हवाई दलात असलेल्या माणसाकडून लोकांना निदान एक विमान पाडल्याची गोष्ट हवी असते. मी आग्र्याला १०६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होतो, तोही कायम जमिनीवर. आमची कॅनबेरा विमानं पोटात बॉम्बऐवजी कॅमेरे घेऊन जायची. ती उतरली की फिल्मची रिळं धावतपळत आमच्या अंधाऱ्या खोलीत यायची, आणि मग आम्ही, ती औषधं आणि तो काळोख. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी आग्र्यावर बॉम्ब पडले. त्या दिवसांत ताजमहाल झाकून ठेवला होता, चांदण्यात वरून संगमरवर चमकू नये म्हणून. दुसऱ्याचं झाकलेलं उघडं करायचं आणि आपलं उघडं असेल ते झाकायचं, टेहळणीचा सगळा धंदा एवढाच.

हवाई फोटो काढण्यापेक्षा तो वाचणं अवघड. विमान सरळ रेषेत उडतं, कॅमेरा ठरावीक अंतराने फोटो घेत जातो, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठेक टक्के भाग पुन्हा येतो. असे लागोपाठचे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून बघितले की सपाट कागदातून पूल वर उठतात, खंदक खाली जातात. सावलीची लांबी आणि फोटोची वेळ माहीत असली की उंची काढता येते. पण खरी बातमी एका फोटोत कधीच नसते. ती कालच्या आणि आजच्या फोटोतल्या फरकात असते. काल धक्क्याला सहा जहाजं होती, आज चारच आहेत, तर दोन गेली कुठे?

आमच्या स्क्वाड्रनमध्ये एक नाव आदराने घेतलं जायचं, विंग कमांडर जगमोहन नाथ यांचं. बासष्टच्या आधी तिबेटवरून उडून त्यांनी चिनी फौजांच्या जमवाजमवीचे फोटो आणले होते. त्या वर्षी त्यांना महावीरचक्र मिळालं आणि पासष्टच्या लढाईत पुन्हा मिळालं. दोनदा महावीरचक्र मिळवणारी माणसं आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यातल्या या माणसाने ते शत्रूवर एकही गोळी न झाडता मिळवलं. फोटो आणणारा वैमानिक असाच असतो. त्याला लढायचं नसतं, परत यायचं असतं. तो परत आला नाही तर त्याचं बघणं फुकट जातं.

या जातीचा सगळ्यात अचाट माणूस म्हणजे एड्रियन वॉरबर्टन. त्याची गोष्ट सांगायची तर आधी माल्टा सांगावा लागतो. इटलीच्या दक्षिणेला, सिसिलीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर हे बेट आहे. लांबी सत्तावीस किलोमीटर, रुंदी चौदा. पेण तालुक्यात फिरायची सवय असलेल्या माणसाला ते एका दिवसात पालथं घालता येईल. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि दुसऱ्याच दिवशी माल्टावर बॉम्ब पडले. बेट इंग्रजांच्या ताब्यात होतं, पण सगळ्या बाजूंनी शत्रू. १९४२ च्या सुरुवातीला तर सलग १५४ दिवस तिथे हल्ले झाले. लोक चुनखडीच्या भुयारांत राहत, सरकारी स्वयंपाकघरांतून मोजून अन्न मिळे, आणि साठा संपून शरण जावं लागेल तो दिवस कोणता, याचा हिशेब अधिकाऱ्यांनी मांडून ठेवला होता. एप्रिल १९४२ मध्ये इंग्लंडच्या राजाने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस दिला. पदकाने पोट भरत नाही. ऑगस्टमध्ये चौदा मालवाहू जहाजांचा ताफा निघाला, त्यातली पाच पोचली. ‘ओहायो’ नावाचं तेलाचं जहाज इतकं फुटलेलं होतं की त्याला दोन्ही बाजूंनी दुसऱ्या जहाजांनी धरून बंदरात आणलं.

वॉरबर्टन १९४० च्या सप्टेंबरात तिथे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. विमान चढवणं-उतरवणं त्याला इतकं बेताचं जमायचं की त्याला सुरुवातीला वैमानिकाच्या जागी बसवतच नव्हते. बाकीचे आजारी पडले म्हणून त्याला संधी मिळाली. कर्जबाजारी, केस वाढलेले, गणवेशाचं भान नाही. आमच्या वॉरंट ऑफिसरने त्याला परेडच्या मैदानावरून हाकललं असतं. पण हवेत गेला की वेगळाच. नोव्हेंबर १९४० मध्ये इटलीचं आरमार तारांतोच्या बंदरात होतं. इंग्रजांना रात्री विमानांतून पाणतीर सोडायचे होते, आणि त्यासाठी प्रत्येक युद्धनौका नेमकी कुठे नांगरली आहे ते हवं होतं. माल्टाहून गेलेल्या मेरीलँड विमानांच्या फोटोंत बंदरावर दोरांनी बांधलेले फुगे दिसले आणि हल्ल्याच्या वाटा बदलाव्या लागल्या. हवा खराब होती तेव्हा वॉरबर्टन ढगांखाली उतरला, इतका खाली की जहाजांवरची नावं वाचून घेतली असं सांगतात. मागे दारूगोळा उधळत असताना त्याने पुन्हा फेरी मारली. ११ नोव्हेंबरच्या रात्री एकवीस विमानं गेली आणि तीन मोठ्या युद्धनौका निकामी झाल्या.

त्याच्या कामाची एक बाजू मला फार नंतर वाचायला मिळाली. जर्मनांचे सांकेतिक संदेश इंग्रज फोडून वाचत होते. आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलला रसद घेऊन जाणारा ताफा कधी, कुठून निघणार, हे त्यांना आधीच कळायचं. पण लगेच जाऊन तो बुडवला तर संदेश फुटल्याचा संशय आला असता. म्हणून आधी माल्टाहून एक टेहळणी विमान त्या ताफ्यावर पाठवायचं आणि ते ताफ्याला दिसू द्यायचं. म्हणजे जर्मन म्हणणार, त्या विमानाने बघितलं. कित्येकदा वैमानिकालासुद्धा खरं कारण माहीत नसायचं. तो बघायला म्हणून जायचा, आणि त्याला पाठवलेलं असायचं दिसायला.

पुढे सिसिलीच्या किनाऱ्यांचे फोटोही त्याने आणले. १० जुलै १९४३ ला दोस्त फौजा तिथे उतरल्या आणि तिथून लढाई इटलीत शिरली. त्या लढाईत आपल्या रायगडचे लोक होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, बरोबर एका वर्षाने, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एका मशिनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वॉरबर्टन त्याच्या तीन महिने आधी नाहीसा झाला होता. १२ एप्रिल १९४४ ला इंग्लंडमधून एका अमेरिकन विमानात जर्मनीचे फोटो काढायला गेला तो आलाच नाही. बव्हेरियातल्या एका शेतात विमानाचे आणि त्याचे अवशेष सापडले ते २००२ साली.

आता आपल्या पाण्यात येतो. घेरलेलं बेट आणि त्याच्यासाठी बघणारे डोळे, ही गोष्ट आमच्या खाडीत माल्टाच्या अडीचशे वर्षं आधी घडून गेली आहे, आणि तिच्यात पेण, नागोठणं दोन्ही येतात.

माझे आजोबा अंतोऱ्याच्या बंदरातून मचव्यावर तांडेल होते. भात, मीठ, कौलं, काय मिळेल ते मुंबईला न्यायचं. पेणची भोगावती आणि नागोठण्याची अंबा, दोन्हींचं पाणी धरमतरच्या खाडीतून जातं आणि रेवस-करंज्यापाशी मुंबईच्या बंदरात उतरतं. त्यामुळे मुंबईच्या पाण्यात ज्याचं आरमार, तो आमच्या दारात. शिवाजी महाराजांच्या काळात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या आसऱ्याने मुंबईत येऊन राही. १६७३ च्या पावसाळ्यानंतर सिद्दीच्या टोळ्या पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांतून आत शिरल्या आणि त्यांनी गावं उद्ध्वस्त केली. इंग्रज म्हणायचे, आम्ही तटस्थ. खाडीकाठच्या माणसाला त्या तटस्थपणाचा अर्थ जळक्या भातात दिसत होता.

यावर उपाय म्हणजे मुंबई आणि जंजिऱ्याच्या मध्ये डोळा ठेवणं. थळच्या किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर, मुंबई बंदराच्या तोंडावर खांदेरी आहे. दक्षिणेकडून येणारं प्रत्येक गलबत तिथून दिसतं. महाराजांनी १६७२ मध्ये एकदा तिथे बांधकामाला हात घातला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीला, पाऊस सरलेला नसताना, मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि बोट लागण्याच्या जागांवर भिंत घालायला लागला. ही वेळ कुणी निवडली असेल त्याला समुद्र कळत होता. त्या दिवसांत मोठं जहाज बाहेर काढायला कुणी धजत नाही.

इंग्रजांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला काही शिबाडं पाठवली. बेट सोडा, म्हणाले. मायनाकने सांगितलं, धन्याच्या हुकुमाशिवाय सोडणार नाही. मग कॅप्टन मिंचिनची ‘रिव्हेंज’ नावाची लढाऊ नौका आली आणि घेरा पडला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प नावाच्या अधिकाऱ्याने आपल्याच मनाने शिबाड बेटाला नेऊन लावलं. तो दारू प्यायलेला होता, असं खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवलंय. तो आणि त्याच्याबरोबरचे काही तिथेच मेले, बाकीचे पकडले गेले.

एवढ्याशा बेटावर इतकी माणसं जगवायची तर रोज धान्य, चुना, लाकूड, दारूगोळा हवा. ते सगळं थळच्या किनाऱ्यावरून यायचं, रात्री, वल्ह्यांच्या अरुंद होड्यांतून. इंग्रजांची जहाजं नांगरून उभी आणि या होड्या त्यांच्या मधून निघून जायच्या. वारा पडला की मोठं जहाज जागचं हलत नाही, आणि उथळ पाण्यात तर ते येऊच शकत नाही. दिवसा इंग्रज बेटाकडे बघत बसले आणि रोज सकाळी भिंत थोडी वर आलेली दिसली. कालच्या आणि आजच्या फोटोतला फरक म्हणतो तो हाच. त्यांना दिसत होता, पण थांबवता येत नव्हता.

बघण्याच्या बाबतीत सगळा फायदा आपल्या बाजूला होता. सागरगडाच्या माथ्यावर स्वच्छ हवेत उभं राहिलं की खांदेरी, उंदेरी, कुलाबा, सगळं ताटात वाढल्यासारखं दिसतं. किनाऱ्यावर कोळी होते, समुद्रात रोज जाणारे. मासेमारीची होडी दहा जहाजांच्या मधून गेली तरी कुणाला वावगं वाटत नाही. माल्टाला ज्या कामासाठी विमान लागलं, ते काम इथे डोंगर आणि होडी करू शकत होती. उलट इंग्रज मुंबईत बसून आपला समुद्र ओळखतात असं धरून चालले होते.

१८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे त्यांना त्याची किंमत कळली. महाराजांच्या दौलतखानाचं आरमार किनाऱ्याकडून निघालं, चाळीसहून जास्त गुराबा आणि गलबतं. इतक्या वेगाने आलं की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. आश्विनाच्या सुमाराला पहाटे मतलई सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. मचव्यावर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माझा तर्क असा की दौलतखानाने वारा पाठीशी घेऊनच पहाट निवडली. अर्ध्या तासात इंग्रजांची ‘डोव्हर’ गुराब हातात आली, तिच्यावरचं निशाण उतरलं. दुसरी गुराब लांब राहिली, लहान होड्या पळाल्या. ‘रिव्हेंज’ एकटी उरली.

इथपर्यंत सांगून थांबायची आपल्याकडे रीत आहे. पुढचंही सांगायला हवं. ‘रिव्हेंज’वर मिंचिनबरोबर रिचर्ड केग्विन होता, आणि तो पळाला नाही. त्याच्या तोफांनी पाच गलबतं बुडवली. बाकीचं आरमार फुटलं आणि मांडवा-रेवसला वळसा घालून थेट नागोठण्याच्या खाडीकडे निघालं. ‘रिव्हेंज’ खाडीच्या तोंडापर्यंत मागे आली आणि तिथे थांबली. का थांबली, ते आमच्या आजोबांनी चार वाक्यांत सांगितलं असतं. खाडीच्या तोंडाशी गाळ साचून उंचवटा झालेला असतो. उधाणाला त्यावर भरपूर पाणी, ओहोटीला चिखल. कुठल्या वेळी कुठली वाट मोकळी, हे तिथल्याच माणसाला माहीत. समुद्रावर केग्विन जिंकला होता, पण पाणी उथळ झालं तिथे त्याची सत्ता संपली. दोन दिवसांनी दौलतखानाची गलबतं पुन्हा बाहेर आली, इंग्रज दिसले तशी परत आत गेली. अशा शत्रूला हरवायचं कसं? तो हरतो, पण संपत नाही.

आणि या गडबडीत खांदेरीवरचं बांधकाम चालूच राहिलं. महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे फौज आणून मुंबईलाच धाक घातला. ईस्ट इंडिया कंपनीचा खर्च वाढत होता, माणसं आजारी पडत होती. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तहाचं बोलणं केलं आणि घेऱ्यातून अंग काढून घेतलं. बेट महाराजांकडे राहिलं. (या केग्विनचं पुढचं आयुष्यही अजब आहे. १६८३ मध्ये त्याने कंपनीविरुद्ध बंड करून मुंबईच ताब्यात घेतली आणि संभाजी महाराजांशी तह केला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पुढे १७१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज पुन्हा खांदेरीवर आले आणि हात हलवत परत गेले. आज तिथे १८६७ चा दीपस्तंभ आहे, वेताळाचं देऊळ आहे, चाकांच्या गाड्यांवर उभ्या तोफा आहेत. नौदलाच्या एका पाणबुडीला बेटाचं नाव दिलंय. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे.

उंदेरीचं नाव मात्र फारसं निघत नाही, आणि मला त्याचंच जास्त वाटतं. खांदेरी आणि किनारा यांच्या मध्ये, किनाऱ्याला जवळ, हे दुसरं लहान बेट. घेऱ्याच्या काळात सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला होता. त्याने काय ओळखलं, तर खांदेरीला रसद जाते ती उंदेरीच्या शेजारून. ९ जानेवारी १६८० ला तो उंदेरीवर उतरला आणि तटबंदी करायला लागला. बेट रिकामं होतं. आपण चार महिने मोठ्या बेटाकडे इतके टक लावून बसलो होतो की लहान बेट मोकळं पडलंय हे सिद्दीच्या नजरेला आधी आलं. महिनाअखेरीला दौलतखानाने जोराचा हल्ला केला, तोफा डागल्या, स्वतः जखमी झाला, पण सिद्दी हलला नाही. संभाजी महाराजांच्या काळात एका रात्री काळोखात आपली तुकडी उंदेरीवर उतरली. पहारेकऱ्यांना ती दिसली आणि त्यातले बरेच मारले गेले. थॉर्पचं झालं होतं तेच. फरक इतकाच की ही माणसं शुद्धीत होती.